खंडेनवमीला यंत्र बंद असते, तेव्हाच तपासा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव या भागातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये यंत्रे बंद असतात. रेचे पुसून घेतलेले असतात, पट्ट्यांवरची जुनी रुई झाडलेली असते, मोटारींवर हळदकुंकवाची बोटे उठलेली असतात आणि प्रेसला झेंडूची माळ असते. मालक, फिटर, मुकादम, हमाल, सरकी भरणाऱ्या बाया असे सगळे एकाच शेडमध्ये एकत्र उभे राहण्याचा वर्षातला बहुधा हा एकच दिवस. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. दिवाळीच्या आगेमागे कापसाच्या गाड्या काट्यावर लागल्या की हीच यंत्रे फेब्रुवारी-मार्चपर्यंत धडधडत राहतात.

त्या दिवशी एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. मागच्या हंगामात रेच्यात कापूस अडकला, तेव्हा तो काढायला कोणाचा हात कुठे गेला होता?

यंत्रांच्या सुरक्षेचे शास्त्र सुरू होते ते याच प्रश्नापासून. त्याला ‘जोखीम मूल्यमापन’ असे जड नाव आहे आणि ते करून देणाऱ्या सल्लागार संस्थाही आता मोठ्या शहरांत पुष्कळ आहेत. या विषयावरचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १२१००, मुळात चार साध्या गोष्टी विचारते. इजा झालीच तर किती मोठी होईल? माणूस त्या जागेजवळ किती वेळा आणि किती वेळ जातो? तिथे काहीतरी बिघडण्याची शक्यता किती? आणि बिघडलेच तर त्याला स्वतःला वाचवता येईल का? या चार उत्तरांवरून कुठल्या जागेचे काम आधी हाती घ्यायचे ते ठरते. यातले दुसरे उत्तर कार्यालयात बसून देता येत नाही. ते फिटरला माहीत असते, रेच्यावर उभ्या असलेल्या माणसाला माहीत असते. तरीही पुष्कळ ठिकाणी मूल्यमापन म्हणजे लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींची एक फाइल असते आणि शेवटच्या पानावर सही-शिक्का. फाइल कपाटात जाते. रेच्यात काही बदलत नाही.

चौथे उत्तर, म्हणजे स्वतःला वाचवता येण्याचे, जरा आकड्यांत पाहू. महाराष्ट्रात कापूस बहुतांश दुहेरी रोलरच्या रेच्यावर पिंजला जातो. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन खरखरीत रोलर उलटसुलट दिशेने फिरतात. कापसाचे तंतू त्यांना चिकटतात आणि स्थिर सुरीखालून ओढले जातात. दुसरी सुरी झपाझप खालीवर होत सरकी झटकून टाकते. रोलरचा व्यास साधारण १८० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या आसपास धरला, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ९४ सेंटिमीटर सरकतो. पाहण्यात हा वेग फार वाटत नाही. डोळ्यांना तो दिसतोही नीट, म्हणून तर माणूस त्याच्यावर विश्वास टाकतो. पण बोटाला ओढ बसल्याचे मेंदूला कळून स्नायू हलेपर्यंत सावध, ताज्यातवान्या माणसाचाही साधारण एकपंचमांश सेकंद जातो. तेवढ्यात रोलर १९ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. मोठ्या माणसाचा पंजा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जवळपास तेवढाच भरतो. रात्रपाळीत, पेंगुळलेल्या माणसाला याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून अपघातानंतर कागदावर येणारा ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हा शब्द शास्त्राला पटणारा नाही. ज्या जागी हात ओढला गेल्यावर मागे घेणे शरीराला शक्यच नाही, तिथे ‘काळजी घ्या’ ही सूचना म्हणजे अशक्य गोष्टीची मागणी आहे. शिवाय हात तिथे गेला कशाला? हंगामाच्या सुरुवातीला कापूस ओलसर येतो, तो रोलरला गुंडाळला जातो. बोचक्यातली सुतळी, प्लास्टिकचा तुकडा, खडा आत जातो. रेचा थांबवून, साफ करून पुन्हा सुरू करायचा तर वेळ जातो आणि काम गाठींच्या हिशेबाने ठेक्यावर असेल तर तो वेळ मजुरीतून जातो. चालत्या रेच्यात दोन बोटांनी गुंता ओढून काढणे हा त्या माणसाच्या दृष्टीने रोजचा, शंभर वेळा जमलेला, पैसे वाचवणारा मार्ग असतो. एकशे एकाव्या वेळी जमत नाही. त्या एका वेळेची नोंद होते आणि आधीच्या शंभर वेळा कोणी मोजलेल्या नसतात. खरे मूल्यमापन त्या शंभर वेळांचे असायला हवे.

उपायांचाही क्रम ठरलेला आहे आणि तो सर्रास उलटा लावला जातो. आधी धोका काढून टाकता येतो का ते पाहायचे: ओला कापूस वाळवून घेणे, खडे-सुतळी आधीच वेगळी होतील अशी सोय करणे, म्हणजे गुंता कमी होईल. मग हात पोचणार नाही अशी जाळी. मग जाळी उघडताच मोटार बंद पाडणारा स्विच. मग दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप, आणि त्याची किल्ली यंत्रात हात घालणाऱ्याच्या खिशात. तिकडून दुसऱ्याने बटण दाबून यंत्र सुरू करण्याचा प्रश्नच उरत नाही. पाट्या, प्रशिक्षण आणि हातमोजे यांचा नंबर शेवटचा. फिरत्या रोलरपाशी किंवा पट्ट्यापाशी तर हातमोजा हाच धोका ठरतो, कारण कापड आधी ओढले जाते आणि त्याबरोबर हात. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ लिहून आणि मोज्यांचे जोड वाटून ज्यांनी काम पुरे झाले असे मानले, त्यांनी कधीकधी जोखीम वाढवलेली असते.

कारखानदारांचे एक म्हणणे मात्र खरे आहे. जाळी बसवली तरी कामगारच ती काढून ठेवतात. काढतात, कारण चार बोल्ट सोडल्याशिवाय न उघडणारी जाळी दिवसात वीस वेळा साफसफाई करणाऱ्याला परवडत नाही. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकवलेली दिसते. हा जाळी करणाऱ्याचा दोष आहे, कामगाराचा नव्हे. बिजागरीवर उघडणारी, आतले काम बाहेरून दिसणारी आणि उघडताच यंत्र थांबवणारी जाळी कोणी काढून ठेवत नाही. १७० किलो रुईच्या एका गाठीची जी किंमत येते, तीत असे कित्येक स्विच येतात. जिनिंगचा नफा बारीक असतो हे मान्य करूनही खर्चाची सबब इथे टिकत नाही.

कायदाही नवा नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्ये यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची सक्ती होती. कलम २२ मध्ये तर असे होते की, चालत्या यंत्राची तपासणी करावीच लागली तर ती खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावी आणि त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत. ते कपडे कारखान्याने पुरवायचे. कापूस दाबण्याच्या कारखान्यांसाठी कलम २७ वेगळे होते: जिथे कॉटन-ओपनर चालू आहे, त्या भागात बायका-मुलांना कामाला लावायचे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या, जी १९४८ च्या केंद्रीय कायद्यात दहा कामगारांपासून सुरू होत होती, ती वीसपासून सुरू होते. दहा ते एकोणीस कामगारांच्या डाळमिल, तेलघाण्या, छोट्या जिनिंग यांना ‘आस्थापना’ म्हणून सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतील, पण कारखान्यांसाठीच्या खास तरतुदी नाहीत. पट्टा मात्र बारा माणसांच्या शेडमध्ये तेवढ्याच वेगाने फिरतो. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने या मधल्या गटाकडे पाठ फिरवू नये, अशी अपेक्षा आता जास्तच रास्त आहे.

जिल्ह्यातले दुसरे यंत्र कुठल्याच शेडमध्ये नसते. ते ऑक्टोबरात सोयाबीनच्या गंजीपाशी उभे असते, नंतर तुरीच्या, मग गव्हाच्या. थ्रेशर, कुठे त्याला हडंबा म्हणतात. इथे रोलरचे गणित फिके पडते. ड्रमचा व्यास ६० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ६०० फेऱ्या धरला तर त्याची कड सेकंदाला जवळपास १९ मीटर धावते. ट्रॅक्टरकडून थ्रेशरला ताकद देणारा पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याच्या जोडात साडीचा पदर किंवा खांद्यावरचे उपरणे अडकले तर सेकंदाला सुमारे दोन मीटर कापड गुंडाळले जाते. सोडवायला वेळच नसतो.

या यंत्राने इतक्या लोकांचे हात नेले की देशाने त्यासाठी १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम हा स्वतंत्र कायदा केला आणि त्यात थ्रेशरचे नाव घालून उल्लेख केला. भारतीय मानक आयएस ९०२० तर पेंढी सरकवण्याच्या घमेल्याचे मापही सांगते: लांबी किमान ९०० मिलिमीटर आणि त्यातला ड्रमकडचा ४५० मिलिमीटरचा भाग वरून झाकलेला. साध्या हाताने पेंढी ढकलली तर बोटे ड्रमपर्यंत पोचू नयेत, हा त्यामागचा हिशेब. गावात भाड्याने आलेला थ्रेशर त्या मापाचा आहे का, हे पाहायला फक्त टेप लागतो. कारखान्यात अपघात होऊन कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर त्याची सूचना देण्याची सक्ती १९४८ पासून होती. शेतातल्या थ्रेशरमागे असा निरीक्षक उभा नसतो. म्हणून हा टेप कृषी विभागाच्या आणि कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाच्या हातात सप्टेंबरमध्येच हवा.

हे सारे यवतमाळला वेगळ्या रूपात माहीत आहे. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. तेव्हाही चर्चा लवकरच ‘मास्क का घातला नाही’ यावर येऊन थांबली. उंच वाढलेल्या कपाशीत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, डोक्याच्या पातळीवर फवारा मारणाऱ्या माणसाला तो मास्क घालणे शक्य होते का, कुठले मिश्रण त्याच्या हाती कोणी दिले, हे प्रश्न मागे पडले. रेच्यातल्या आणि थ्रेशरमधल्या हाताचेही तेच होते.

इजा झाल्यावर काय उरते, तेही पाहावे. रोलरमध्ये किंवा पट्ट्यात गेलेले बोट सुरीने कापल्यासारखे तुटत नाही. ते चिरडते, त्वचा सोलून निघते, रक्तवाहिन्या आतून ओढल्या जातात. असे बोट पुन्हा जोडणे सूक्ष्म शस्त्रक्रियेलाही अवघड जाते. स्वच्छ तुटले असेल तर आशा असते, पण ते नीट आणले पाहिजे: हलके धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळायचे, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरायचा. हळद, राख, रुई भरायची नाही. बोटात स्नायू नसल्याने थंड ठेवल्यास ते काही तास तग धरते. पंजा किंवा त्यावरचा भाग असेल तर सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया सुरू व्हावी लागते. वणी किंवा पांढरकवड्याहून नागपूरचा रस्ता धरायचा तर त्यातले तास गाडीतच जातात.

आणि मग भरपाई. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात बोटांचे दर ठरलेले होते: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के कमी, पूर्ण तर्जनी १४ टक्के, एका हाताची चारही बोटे ५० टक्के. कापूस वेचणाऱ्या बाईला अंगठा आणि तर्जनी या दोनच बोटांनी बोंडातून कापूस काढावा लागतो, हे त्या तक्त्यात कुठेच नाही. यंत्राच्या ताकदीवर चालणाऱ्या शेतीतला मजूरही याच कायद्याच्या कक्षेत येत होता. थ्रेशरवर हात गेलेल्या किती मजुरांना हे कोणी सांगितले असेल, हा प्रश्नच आहे. राज्याची गोपीनाथ मुंडे अपघात योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला मदत देते. गंजीवर उभे राहून पेंढ्या देणाऱ्या भूमिहीन मजुराचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसते.

राष्ट्रीय सुरक्षा दिन ४ मार्चला असतो. त्याला जोडून सप्ताह होतो, शपथ घेतली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. तोपर्यंत यवतमाळात सोयाबीन कधीच विकून झालेले असते आणि जिनिंगचा हंगाम उतरणीला लागलेला असतो. या जिल्ह्याची खरी तारीख आश्विनातली आहे. खंडेनवमीला यंत्र थांबलेले असते, झाकणे उघडलेली असतात, माणसे हजर असतात. नारळ फोडण्याआधी तासभर मालकाने आणि फिटरने रेच्यांच्या रांगेतून फिरावे. सोबत त्यांवर काम करणारे दोघे-तिघे आणि सरकी भरणारी एखादी बाई असावी. प्रत्येकाने मागच्या हंगामात आपला हात कुठे गेला होता ते बोट ठेवून दाखवावे, आणि दाखवले म्हणून कोणाची मजुरी कापली जाणार नाही हे आधीच सांगावे. त्या जागा खडूने खुणवाव्यात, वहीत लिहाव्यात. सल्लागार बोलवायचाच असेल तर त्याच्या हातात ती वही द्यावी. एकट्याला परवडत नसेल तर तालुक्यातल्या चार-पाच जिनिंगवाल्यांनी मिळून बोलवावा. जाळ्या आणि बिजागऱ्या करायला तालुक्याच्या आयटीआयमधली फिटर-वेल्डरची पोरे आहेतच. दसरा ते दिवाळी वीस दिवस मिळतात. कापसाची पहिली गाडी काट्यावर येईल तेव्हा खडूच्या खुणेच्या जागी लोखंड बसलेले असावे.