वेल्डिंग निरीक्षकाचा नकार मोडू नये



बंद हंगाम सुरू झाला, की कारखान्याच्या आवारात एक प्रश्न दरवर्षी कानी येतो. "हा बाबा हातात होल्डर धरत नाही, पत्रा उचलत नाही. नुसता बॅटरी अन् आरसा घेऊन फिरतो आणि चांगल्या जोडावर खडूने फुल्या मारतो. ह्याला पैसे कशाचे?" हा बाबा म्हणजे वेल्डिंग निरीक्षक. प्रश्न विचारणारे आपलेच सभासद असतात आणि कारखान्याचा पैसा तो आपला पैसा, असे मानून विचारतात. तेव्हा त्यांचा राग धरण्याचे कारण नाही. उत्तर मात्र दिले पाहिजे.

शेती खात्याच्या माणसाने यंत्रखात्यात तोंड का घालावे, असेही कोणी म्हणेल. त्यावर आमचे म्हणणे एवढेच, की गाळप थांबले म्हणजे बोलणी खायला चिटबॉय आणि आम्हीच पुढे असतो. तोडलेला ऊस फडात वाळतो तो आमच्याच तोडणी कार्यक्रमातला. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना एक तास बंद राहिला, तर २०० टनांहून अधिक ऊस मागे राहतो. ऊस तोडल्यापासून २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही कंठशोष करून सांगतो, कारण पुढे वजन घटते, साखर उलटते, उतारा खाली येतो. आणि उसाचा दर तर उताऱ्यावर बांधलेला. म्हणून बॉयलरच्या नळीवरचा जोड हा आपल्या बांधावरचाच विषय आहे.

आता ह्या निरीक्षकाचे काम समजून घ्यावे. आपण बेणे निवडतो तेव्हा काय करतो? ऊस वरून हिरवागार, जाडजूड दिसतो. पण लाल कूज लागलेला ऊस उभा चिरला, की आत तांबडे आणि मध्ये पांढरे पट्टे दिसतात, आंबूस वास येतो. वरून पाहून ज्याने बेणे घेतले तो फसला. वेल्डिंगचेही तसेच आहे. वरून टाका सुबक, माशाच्या खवल्यासारखा दिसतो. आत मात्र मळी अडकलेली, छिद्रे पडलेली, किंवा मुळाशी धातू वितळलेलाच नाही, असे असू शकते. ऊस चिरून पाहता येतो, नळी चिरून पाहता येत नाही. न चिरता आतले ओळखणे ही ह्या माणसाची विद्या.

ती एका दिवसात येत नाही. असा माणूस बहुधा आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड किंवा यांत्रिकीची पदविका घेऊन सुरुवात करतो. काही वर्षे स्वतः धूर खातो, उताणे निजून डोक्यावरचे जोड मारतो. कोणी टाक्या बांधणाऱ्या शॉपमध्ये राहतो, कोणी आखाती देशांत पाइपलाइनवर जाऊन येतो. मग परीक्षा. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची निरीक्षकाची परीक्षा १९७६ पासून आहे. तिचे तीन भाग, आणि प्रत्येकात ७२ टक्के गुण लागतात. जवळचे नीट दिसते की नाही याची डोळ्यांची तपासणी वेगळी. एवढे करून दाखला तीनच वर्षांचा, पुढे नूतनीकरण. ब्रिटनच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटचाही असाच दाखला आहे. आपल्या देशात तिरुचिरापल्लीला भेलची वेल्डिंग संशोधन संस्था १९७५ पासून आहे, आणि रेडिओग्राफीचे शिक्षण भाभा अणुसंशोधन केंद्रामार्फत मिळते. पण खरी शाळा म्हणजे हजारो जोड डोळ्यांखालून जाणे.

त्याचे काम टाका पडल्यावर सुरू होते हा समज चुकीचा आहे. निम्मे काम आधीचे. पत्रा, नळी सांगितल्या प्रतीची आहे का, तिच्यावरचा नंबर दाखल्याशी जुळतो का, दोन तोंडांमधली फट बरोबर आहे का, ह्या कामाची परीक्षा दिलेलाच वेल्डर बसला आहे का, हे तो पाहतो. काम चालू असता करंट किती, एका थरावरची मळी झाडून मगच दुसरा थर चढतो का, हे पाहतो. मग गेज लावून मापे घेतो, तांबडे द्रव्य फासून व पांढरी पूड मारून भेग शोधतो, जरूर तेथे अल्ट्रासॉनिक किंवा रेडिओग्राफी करवितो. रेडिओग्राफी शक्यतो रात्री, आवार मोकळे करून, कारण किरणांपासून माणसे दूर राहिली पाहिजेत. शेवटी पाण्याच्या दाबाची चाचणी आणि सर्वांची लेखी नोंद.

आपल्या भागात ह्या कामाला एक विशेष अडचण आहे. कारखाना दुरुस्तीला मोकळा होतो तो नेमका पावसाळ्यात. बॉयलरच्या जाड जोडांना ज्या सळया वापरतात त्यांचे वेष्टण हवेतली ओल शोषून घेते. त्या भट्टीत ३०० अंशांच्या आसपास भाजून, गरम डब्यात ठेवून, लागतील तशाच बाहेर काढायच्या असतात. ओली सळई वापरली तर त्या पाण्यातला हायड्रोजन धातूत शिरतो, आणि जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, आत बारीक भेग पडते. संध्याकाळी पाहिलेला जोड चांगला आणि परवा सकाळी तोच फुटका! म्हणून निरीक्षक म्हणतो, "४८ तास थांबा, मग तपासतो." आपल्याला वाटते, हा मुद्दाम वेळ काढतो. बेणे प्रक्रिया न करता घाईने लागण केली तर काणी दिसते तीही पुढेच, लागणीच्या दिवशी नव्हे.

एवढ्याशा टाक्याने काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक उदाहरण परदेशातले देतो. नॉर्वेजवळ उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलांड' नावाचा तरंगता तळ होता. तेलविहिरींवरचे कामगार त्यावर राहत. २७ मार्च १९८० रोजी वादळात त्याचा एक पाय तुटला आणि तळ उलटला. वर २१२ माणसे होती, १२३ गेली. चौकशीत मूळ सापडले ते एका लहानशा टाक्यात. पाण्यातला आवाज टिपणारे एक उपकरण बसवायला आडव्या नळीवर आधार जोडला होता, त्याचा टाका अवघा ६ मिलिमीटरचा. मुख्य भार त्यावर नाही म्हणून तो कोणी महत्त्वाचा मानला नाही. आणि त्या भेगेच्या आत रंग आढळला! म्हणजे रंग मारला तेव्हाच भेग तिथे होती. आपल्या आवारात रंगाचा डबा उघडण्याआधी निरीक्षक आडवा येतो तो ह्याचसाठी.

आपल्याकडची जोखीमही थोडी नाही. पूर्वी साखर कारखान्यांचे बॉयलर २१ किलो दाबाचे असत. वीजनिर्मितीचे प्रकल्प आल्यापासून ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आले. ८७ किलोच्या बॉयलरची वाफ ५१५ अंशांपर्यंत तापलेली असते. आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा एक-दीड किलोची, आणि तो फुटला तरी माणूस हबकतो. त्यावरून अंदाज करावा. १८६३ साली कलकत्त्यास बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा पुढच्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. देशाचा कायदा १९२३ चा, आणि आता त्याच्या जागी २०२५ चा आला आहे. सरकारी बॉयलर निरीक्षक येऊन दाखला देतात ते खरे. पण ते रोज उभे राहू शकत नाहीत. रोज उभा राहतो तो हा आपला वेल्डिंग निरीक्षक.

काही सभासद म्हणतात, "आमच्या मिस्त्रीचा हात देवाचा आहे, त्याच्यावर पहारा कशाला?" मिस्त्रीबद्दल आम्हांसही तितकाच आदर आहे. पण आपण आपल्याच उसाचे वजन स्वतः करतो का? काट्यावर दुसरा माणूस असतो, त्यात कोणाचा अपमान नसतो. शिवाय जाणता निरीक्षक दिसेल तिथे फुली मारीत नाही. किती मोठे छिद्र चालते, किती नाही, हे नियमात लिहिलेले आहे. चालण्यासारखा दोष तो राहू देतो, कारण एकच जागा पुन्हा पुन्हा खोदून भरली तर धातू तापून आणखी बिघडतो. नवखा सगळेच नाकारतो, भित्रा सगळेच पास करतो. अनुभवी माणूस कोठे 'नाही' म्हणायचे ते जाणतो. आपण मोल देतो ते त्या 'नाही'चे.

म्हणून आम्हांस नम्रपणे तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, निरीक्षकाचे पैसे कारखान्यानेच थेट द्यावेत, दुरुस्तीच्या ठेकेदाराच्या बिलातून नव्हे. ज्याच्या ताटात जेवायचे त्याच्याच कामाला नाव कसे ठेवणार? दुसरी, त्याचा लेखी अहवाल संचालक मंडळापुढे जावा, आणि त्याने नाकारलेला जोड तोंडी हुकमाने किंवा फोनवरून कोणी मंजूर करू नये. तिसरी, आणि हीच खरी अवघड, अग्निप्रदीपनाचा मुहूर्त अहवाल पाहून धरावा. पत्रिका छापल्या, मांडव पडला, पाहुणे ठरले, मग निरीक्षकावर दडपण येते. पूजा आपण अवश्य करू, नारळ फोडू. पण त्याची सही झाल्याशिवाय विस्तव घालू नये. मोळी चार दिवस उशिरा पडली तर तोडणीचा कार्यक्रम आम्ही बसवून देऊ, टोळ्यांची समजूत घालू. ऐन हंगामात नळी फुटून आठवडा गेला तर तो कोणालाच बसवता येणार नाही, आणि माणूस गेला तर त्याची भरपाई नाही.

आता थोडे आपल्या दारातले. ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांचे हुक आणि दांड्या रस्त्याकडेच्या दुकानात टाका मारून घेतल्या जातात, वर रंग दिला की झाले. भरल्या ट्रॉलीचा हुक उतारावर सुटला तर मागच्या मोटारसायकलवाल्याचे काय? तेव्हा वाहनमालकांनी हंगामापूर्वी हुकाजवळचा रंग खरवडून जोड तपासावा, भेग दिसल्यास वरून लपेटा न मारता भाग बदलावा. निरीक्षक कारखान्यात असतात त्याच दिवसांत नोंदणीच्या वाहनांची अशी पाहणी ठेवावी, अशी विनंती आम्ही करणार आहोत.

आणि ज्यांची मुले आयटीआय करून घरी बसली आहेत, त्यांनी ह्या मार्गाचा विचार करावा. वेल्डरचा हात, वाचनाची सवय आणि खोटी सही न करण्याची हिंमत, एवढे भांडवल लागते. पहिली दोन शिकवता येतात. तिसरी टिकवायची तर भोवतालच्या माणसांनी साथ द्यावी लागते, आणि कारखान्यात ती भोवतालची माणसे म्हणजे आपण सभासदच. तेव्हा येत्या दुरुस्तीत खडूची फुली दिसली तर "कोणी मारली?" असे न विचारता "दुरुस्त झाली का?" असे विचारावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी