फौजी घड्याळ : आधी पाठ पाहा

मुंबईत जुनी मनगटी घड्याळं 'फौजी' म्हणून चढ्या भावाने विकली जातात. अंधेरी-घाटकोपरची आपली मुलंही या शौकापायी चोर बाजार गाठतात. पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, घड्याळाची पाठ. ब्रिटिश सरकारच्या मालावर लहान बाणाची खूण असे. 1945 च्या सुमारास बारा कंपन्यांनी ब्रिटिश फौजेसाठी बनवलेल्या घड्याळांच्या पाठीवर बाण आणि तीन 'डब्ल्यू' आहेत. एचएमटीच्या 'जवान'सारखं नुसतं नाव मात्र पुरावा नव्हे.

दुसरी, तबकडी. जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेली तबकडी बसवलेल्या घड्याळांना शौकीन लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. सत्तर वर्षांच्या घड्याळाचा चेहरा कोरा करकरीत दिसला, तर सावध व्हा. रंगवून विकणं गैर नाही. ते न सांगणं म्हणजे मालाचा ऐब लपवणं.

तिसरी, रेडियम. जुन्या काट्यांची चमक जाते, रेडियम जात नाही. ते निम्मं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. असं घड्याळ घरी उघडू नका, खरवडू नका.

आजोबांचं घड्याळ घरात असेल तर पाठ घासूनपुसून पॉलिश करू नका, खुणा झिजतात. ते कोणाचं, कोणत्या पलटणीतलं, हे कागदावर लिहून सोबत ठेवा. बाणाची खूण बाजारात नकलीही मिळते. ही माहिती फक्त घरच्या बुजुर्गांकडे आहे, आणि ते आहेत तोवरच विचारता येईल.