रविवारचे व्हिएन्ना



गतवर्षी जूनमध्ये म्युनिकला मुलाकडे असताना शनिवार-रविवार साधून आम्ही उभयता रेल्वेने व्हिएन्नास गेलो. शनिवारी स्टीफन्सडोम चर्चच्या मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या चढण्या-उतरण्यात वेळ सरला आणि फळे-दूध घेण्याचे राहून गेले. रविवारी पाहतो तो बाजार बंद! ऑस्ट्रियात बहुतेक दुकानांना रविवारी कायद्यानेच सुट्टी असते. मोठ्या रेल्वे स्थानकातील दुकानात फळे मिळाली, म्हणून निभावले.

तेव्हा खरेदी शनिवारीच उरकावी. चौविहार पाळणाऱ्यांनी जून निवडावा. तेव्हा सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो, डिसेंबरात मात्र दुपारी चारलाच. एटीएममधून युरो काढताना रक्कम रुपयांत वळती करण्याचा पर्याय नाकारावा. तो दर बहुधा महाग पडतो.

सायंकाळी १४४१ दालनांच्या शॉनब्रुन राजवाड्याच्या विनामूल्य उद्यानात सहकुटुंब फिरणारे नगरजन पाहिले. माझ्या वडिलांनी दुकान एकाही रविवारी बंद ठेवले नाही. त्यांच्यासमवेत घालविलेली अशी एकही सायंकाळ मला आठवत नाही. आपल्या मुलांना ती आठवावी, एवढीच विनंती.