टॉवर बंद पडल्याचे आधी कळते ते गावाला

खानापूर तालुक्याचा जांबोटी-कणकुंबी पट्टा असो की निपाणीजवळची वेदगंगेकाठची गावे, पावसाळ्यातला क्रम ठरलेला आहे. वारा सुटतो, झाड तारेवर पडते, लाईट जाते. त्यानंतर काही तास मोबाइलची रेंज टिकते. मग एकेक काडी कमी होत ती गायब होते. सकाळी लोक उंचवट्यावर जाऊन फोन हलवून बघतात आणि एकमेकांना विचारतात, 'तुझ्या फोनला रेंज हाय काय रे?' तक्रार करायची तरी कशावरून? ज्याची तक्रार करायची, तोच फोन बंद.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लाईट जाणे आणि रेंज जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात काही तासांचे अंतर असते. ते अंतर बॅटरीने दिलेले असते. त्या तासांत कुणाला कळले आणि कुणी हालचाल केली, तर रेंज जाणारच नाही. सीमाभागातल्या लहान नेटवर्क केंद्रांचा खरा प्रश्न यंत्रांचा कमी आणि त्या वेळेत खबर न मिळण्याचा जास्त आहे.

बॅटरीचे साधे गणित

गावातल्या केबल-इंटरनेटवाल्याची एखादी लहान खोली घ्या. आत फायबरची मुख्य पेटी म्हणजे ओएलटी, एक-दोन स्विच आणि छतावर एखादा रेडिओ. सगळे मिळून १५० वॅट वीज खाते असे धरू. पाठीमागे १२ व्होल्टच्या ६५ अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या रांगेत जोडलेल्या. म्हणजे साठा सुमारे ३,१२० वॅट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर त्यातला निम्माच वापरायचा, म्हणजे १,५६० वॅट-तास. हिशेब १० तासांचा येतो.

पण हे नव्या बॅटरीचे झाले. पत्र्याच्या खोलीत उन्हाळे काढलेली बॅटरी निम्म्यावर येते. तापमान १० अंशांनी वाढले की अशा बॅटरीचे आयुष्य साधारण अर्धे होते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. तेव्हा हातात उरतात ५ तास. रात्री ११ वाजता लाईट गेली, तर पहाटे ४ वाजता सगळे बंद. मालकाला पहिला फोन येतो सकाळी ७ वाजता, तोही चिडलेल्या गिऱ्हाइकाचा. मग माणूस पाठवा, जनरेटर शोधा, पेट्रोल भरा. दुपार होते.

तीच खबर रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी मिळाली असती तर लाईनमनला फोन करून 'फॉल्ट किती मोठा आहे' एवढे विचारता आले असते. लाईट तासाभरात येणार असेल तर झोपायचे, नसेल तर लहान जनरेटर घेऊन निघायचे. गिऱ्हाइकाला काहीच कळले नसते.

मोठ्यांकडे आहे, लहानांकडे नाही

मोबाइल आणि टॉवर कंपन्यांकडे ही सोय पूर्वीपासून आहे. टॉवरवरची वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, डिझेल कमी झाले, दार उघडले, खोली तापली, की त्याचा संदेश दूरच्या नियंत्रण केंद्रात दिसतो आणि तिथे चोवीस तास माणसे बसलेली असतात.

अडचण आहे ती त्याखालच्या थरात. तालुक्यातले केबल आणि फायबर चालवणारे, डोंगरावरून रेडिओने इंटरनेट देणारे, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसवलेली भारतनेटची पेटी. २०११ मध्ये मंजूर झालेली फायबरची ही योजना पंचायतीपर्यंत पोहोचली, पण पेटीच्या बॅटरीवर लक्ष ठेवायला पंचायतीत कुणी नेमलेले नसते. रेशन दुकानातले अंगठ्याचे मशीन, बँक मित्राकडची पेन्शन, शाळेतले ऑनलाइन काम हे सगळे या लहान केंद्रांवर टेकलेले असते.

बीएसएनएलच्या नव्या टॉवरांनी हा विषय आणखी पुढे आला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातल्या रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची ४जी योजना मंजूर केली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुडा येथून स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन केले. तेव्हा जाहीर झालेला आकडा ९७,५०० टॉवरांचा होता आणि ते सौरऊर्जेवर चालणारे असल्याचे सांगण्यात आले. सौर टॉवर चांगलाच. पण आमगाव-कणकुंबीकडे आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. तिथे बॅटरी किती भरली आहे, हे रोज कळणे डिझेलवाल्या टॉवरपेक्षाही जास्त गरजेचे ठरते.

यंत्र काय असते, किती लागते

अलार्म कळवणारी पेटी गुंतागुंतीची नसते. वीज गेली की रिले सुटतो आणि दोन तारांमधली जोडणी उघडते किंवा बंद होते. दाराला लावलेले चुंबकी बटण तेच करते. पेटी या जोडण्या बघत राहते, बॅटरीचे व्होल्टेज आणि खोलीचे तापमान मोजते आणि बदल झाला की सिममार्फत एसएमएस किंवा डेटाने कळवते.

लहान केंद्राला पाचच गोष्टी कळल्या तरी पुरे: लाईट गेली, बॅटरी उतरली, खोली तापली, दार उघडले आणि जनरेटर असेल तर तो सुरू झाला की नाही. ४८ व्होल्टच्या संचात लाईट असताना साधारण ५४ व्होल्ट दिसतात. ४८ च्या खाली उतरले की 'निघा' असा इशारा समजायचा. ४३ च्या आसपास बॅटरी वाचवण्यासाठी यंत्रणा स्वतःच जोडणी तोडते. म्हणजे ४८ ते ४३ हा शेवटचा टप्पा, आणि जुनी बॅटरी तो फार झपाट्याने उतरते. दाराचा अलार्म तर बॅटरीचोरीवरचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

परदेशी औद्योगिक पेट्या महाग पडतात. त्या शेकडो टॉवर असलेल्या कंपनीसाठी बनलेल्या असतात. पाच-सहा जोडण्यांची साधी पेटी मात्र बाजारात मिळणारा कंट्रोलर बोर्ड, ४जी मोडेम, रिले, सेन्सर आणि डबा असे मिळून पाच-सहा हजारांच्या आसपास उभी राहू शकते. बेळगावात आणि कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आणि शिकलेल्या मुलांची कमतरता नाही. चार बॅटऱ्यांचा एक संच या पेटीपेक्षा कितीतरी महाग असतो आणि पुन्हा पुन्हा पूर्ण उतरल्याने तो लवकर मरतो. एक संच वर्षभर जास्त टिकला तरी पेटीचे पैसे निघतात.

स्वस्तात फसायचे नसेल तर

चार खड्डे ओळखून ठेवायला हवेत.

पहिला, खबर जाण्याची वाट. फायबर तुटल्याची खबर त्याच फायबरवरून पाठवता येत नाही. पेटीचे सिम ज्या कंपनीची सेवा तिथे चालते तिच्यापेक्षा वेगळ्या कंपनीचे हवे. आणि लाईट अख्ख्या भागाची गेली असेल तर शेजारचा टॉवरही काही तासांनी बसणार. म्हणून खबर पहिल्या पाच मिनिटांतच बाहेर पडायला हवी.

दुसरा, सिमची पिढी. स्वस्त म्हणून मिळणारे २जी मोडेम जिओवर चालत नाही, कारण जिओचे २जी जाळेच नाही. इतर कंपन्यांचे २जी आज चालते, पण पुढची पाच-सात वर्षे धरून पेटी घ्यायची तर ४जीच घ्यावी.

तिसरा, शांतता. पेटीच जळाली, सिमचा रिचार्ज संपला, तर संदेश येणार नाही आणि सगळे ठीक आहे असे वाटेल. म्हणून पेटीने दिवसातून दोनदा 'मी चालू आहे' असे कळवायचे. तो संदेश आला नाही, तर तोच अलार्म समजायचा.

चौथा खड्डा माणसाचा आहे. दोन मिनिटे लाईट गेली तरी एसएमएस, आली तरी एसएमएस, असे दिवसाला चाळीस संदेश आले की आठवड्यात कुणी ते बघत नाही. दहा मिनिटे लाईट परतली नाही तरच कळवायचे, अशी वेळ आधी ठरवावी. संदेशही गावाच्या नावाने, समजेल अशा भाषेत हवा. रात्री दोन वाजता 'इनपुट ३ फेल' वाचून कुणी उठत नाही. 'जांबोटी: लाईट नाही, बॅटरी ४७ व्होल्ट' वाचून उठतो. हाच मजकूर कन्नड बोलणाऱ्या कामगाराला कन्नडमधून जायला हवा.

सीमेवरचा गुंता

हे सगळे कुठल्याही तालुक्याला लागू आहे. सीमाभागात त्यावर आणखी एक थर चढतो. दूरसंचारच्या नकाशात निपाणी, चिकोडी, खानापूर हे कर्नाटक सर्कलमध्ये, तर कागल, गडहिंग्लज, चंदगड हे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. इकडे वीज हेस्कॉमची, तिकडे महावितरणची. गावे मात्र एकमेकांना लागून. इकडचे शेत, तिकडचे घर, दवाखाना कोल्हापूरला.

कोगनोळीकडचा टॉवर बसला तर तिथला फोन कागलकडचा टॉवर पकडतो. रेंज दिसते म्हणून बंद पडल्याची तक्रार होत नाही. पण त्या फोनवरून १०८ किंवा ११२ लावला, तर तो महाराष्ट्राच्या केंद्रात जाण्याची शक्यता असते. दोन्ही राज्यांत क्रमांक तेच, केंद्रे आणि गाड्या वेगळ्या. 'तुमचा जिल्हा कुठला' यातच मिनिटे जातात. छातीत दुखणाऱ्या माणसाला ती मिनिटे परवडत नाहीत.

पुरात तर रस्ताही तुटतो. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. अशा वेळी निपाणीचा तंत्रज्ञ उत्तरेकडच्या केंद्रावर पोहोचू शकत नाही, कागलचा पोहोचू शकतो. पण दोघांना एकमेकांच्या केंद्राची खबरच नसते. एकच अलार्म संदेश दोन्ही बाजूंच्या दोन माणसांना जाणे, एवढी साधी व्यवस्था इथे राज्यांच्या कुठल्याही करारापेक्षा लवकर होण्यासारखी आहे.

नियम सरासरी बघतो

दूरसंचार नियामक ट्रायचे सेवा-दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. जिल्हा पातळीवर सेवा मोठ्या प्रमाणात ४ तासांहून जास्त बंद राहिली तर कंपनीने ट्रायला कळवायचे आणि २४ तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकांना भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यायची, अशी तरतूद त्यात आहे. तरतूद चांगली आहे, पण तिचे माप जिल्ह्याचे आहे. बेळगावसारख्या मोठ्या जिल्ह्यात कणकुंबीचा एक टॉवर चार दिवस बंद राहिला, तर तो या मापात बसत नाही.

दुसरे माप बंद राहण्याच्या एकूण वेळेचे. मर्यादा २ टक्के. महिन्याचे ७२० तास धरले तर दर केंद्रामागे सरासरी १४ तासांपेक्षा जास्त सूट. समजा एखाद्या कंपनीचे सर्कलमध्ये १० हजार टॉवर आहेत आणि त्यातला एक तीन दिवस बंद पडला, तर सरासरीत त्याचा वाटा ०.००१ टक्का. महिन्यात २४ तासांहून जास्त बंद राहणाऱ्या केंद्रांचे वेगळे माप आहे, पण तिथेही २ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. डोंगरातली आणि नदीकाठची गावे नेमकी त्या २ टक्क्यांत जाऊन बसतात.

म्हणूनच गावाच्या हातात स्वतःची नोंद असणे महत्त्वाचे. पंचायतीच्या पेटीवर आणि गावातल्या इंटरनेटवाल्याकडे लाईट कधी गेली, बॅटरी कधी संपली, सेवा कधी परतली याची तारीख-वेळेसह नोंद राहिली, तर तक्रार 'सारखी रेंज जाते' एवढ्यावर थांबत नाही. 'जुलैत नऊ वेळा, एकूण ६१ तास' अशी नोंद पुढे ठेवता येते. ती हेस्कॉमच्या शाखा कार्यालयात चालते आणि ग्रामसभेतही चालते.

जूनच्या आधी

यासाठी मोठ्या निधीची वाट बघायला नको. तालुक्यातल्या पाच-सात केबल-इंटरनेटवाल्यांनी एकत्र येऊन आपल्या सर्वात अडचणीच्या केंद्रांवर एकेक पेटी बसवावी. धंद्यात ते एकमेकांचे स्पर्धक असतील, पण रात्रपाळीचा एक माणूस मिळून ठेवायला हरकत नाही. पंचायतीने भारतनेटच्या पेटीची चावी कुणाकडे आहे आणि बॅटरी शेवटची कधी बदलली, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावावे. नदीकाठच्या केंद्रांसाठी सीमेपलीकडच्या एका माणसाचा नंबर यादीत घालावा.

पेटी स्वतः डिझेल आणत नाही आणि झाडही तोडत नाही. संदेश आल्यावर उठणारा माणूस ठरलेला नसेल, तर ती भिंतीवरचे शोभेचे घड्याळ होते. म्हणून पेटी विकत घेण्याआधी एकच प्रश्न सोडवावा लागेल: रात्री दोन वाजता संदेश आला, तर कोण उठणार आणि त्या रात्रीचे त्याला काय मिळणार?