माळ खुंटीवर

माणसाने दारू प्यावी की पिऊ नये, हा या लेखाचा विषय नव्हे. त्या विषयावर आजवर इतकी भाषणं झाली आहेत की, बोलून बोलून वक्त्याच्या घशाला कोरड पडली आणि पुढचा कार्यक्रम आपोआप ठरला, अशी उदाहरणं माझ्या पाहण्यात आहेत. माझं भांडण बाटलीशी नाही. माझं भांडण एका खुंटीशी आहे.

ही खुंटी आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर, जिभेला अजून वळण पडायचंय) बऱ्याच ढाब्यांवर सापडते. कुठे ती खिळ्याच्या रूपात असते, कुठे खिडकीच्या गजाच्या, तर कुठे नुसत्या सदऱ्याच्या खिशाच्या. संध्याकाळी एखादे गृहस्थ येतात. डोक्यावर पांढरी टोपी, कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. बाकावर बसतात, दोन्ही हातांनी माळ काढतात, डोळ्यांना लावतात आणि खुंटीवर अडकवतात. मग पोऱ्याकडे बघून नुसती मान हलवतात. पोऱ्या समजतो. तासा-दीड तासानं चूळ भरली जाते, बडीशेप चावली जाते, माळ पुन्हा गळ्यात येते आणि 'रामकृष्णहरी' म्हणून गृहस्थ घराकडे निघतात. शेजारच्या बाकावर कौतुक चाललेलं असतं, "काही म्हणा राव, पण माळ घालून थेंब घेणार नाही माणूस! तत्त्व म्हणजे तत्त्व!"

या तत्त्वावर माझा आक्षेप आहे.

आता तुम्ही म्हणाल, तू बँकेतला कारकून, तुला वारकऱ्यांच्या उठाठेवी कशाला? खरं आहे. मी माळकरी नाही. माझ्या गळ्यात असतं ते बँकेचं ओळखपत्र. पण बी.कॉम.ला आम्हाला करार नावाचा विषय होता, आणि माळ हा माझ्या मते महाराष्ट्रातला सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि बिनमुद्रांकाचा करार आहे. पंढरपूरला किंवा आळंदीला जायचं, महाराजांच्या हातून माळ घालून घ्यायची आणि कबूल करायचं : वारी करीन, एकादशी धरीन, हरिपाठ म्हणीन, मांस-मद्याला शिवणार नाही. कागद नाही, जामीनदार नाही. तारण एकच, शब्द.

माझं ओळखपत्र संध्याकाळी उतरतं. ते उतरल्यावर कुणी हजाराची मोड मागितली, तर 'उद्या या' म्हणायचा मला अधिकार आहे. माळेला अशी कार्यालयीन वेळ नसते. उद्या एखादा कर्जदार काउंटरवर येऊन म्हणाला, "साहेब, कर्जाच्या कागदावर सही केली तेव्हा मी टोपी घातली होती. आता टोपी काढलीय, हप्ता मागू नका," तर आमचे मॅनेजर त्याला चहा पाजतील काय?

आणि गंमत पाहा. जुन्या कडक माळकऱ्यांचा नियम काय? माळ तुटली, तर नवी गळ्यात येईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. अशी म्हातारी माणसं अजून आहेत. मणी ओघळले तर ताटावरून उठतात आणि दोरा शोधतात. म्हणजे मूळ नियम असा, की गळ्यात माळ नसेल तर पाणीसुद्धा प्यायचं नाही. खुंटीवाल्यांनी त्याचा काय नियम केला? गळ्यात माळ नसेल तर काहीही प्यायला हरकत नाही! इतकी सफाईदार उलटापालट आमच्या ऑडिटरलासुद्धा जमायची नाही.

बरं, हे घडतं कुठे? ज्या जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या जिल्ह्यात पारनेर तालुक्यात निळोबारायांचं पिंपळनेर आहे आणि राहुरी तालुक्यात संतांची चरित्रं लिहिणाऱ्या महिपतींचं ताहाराबाद आहे. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी दरसाल आमच्या नगरातून जाते. आम्हाला माळ काय ते कुणी नव्यानं शिकवायला नको. दारू काय तेही नको. राळेगणसिद्धीला १९७५ नंतर अण्णा हजाऱ्यांनी गावातल्या दारूच्या भट्ट्या बंद करायचा निश्चय गावकऱ्यांकडून करवून घेतला, तो यादवबाबांच्या देवळात. देवळात अशासाठी, की तिथे दिलेला शब्द माणूस चपलांबरोबर बाहेर ठेवत नाही, अशी समजूत होती.

हा शिष्टाचार आपलाच आहे असा मात्र कुणी गर्व धरू नये. अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींची मंडळं असतात. मंडळाचं नाव ग्रीक अक्षरांत, आणि ती अक्षरं सदऱ्यावर. तिथंही बऱ्याच मंडळांत दंडक असतो, की अक्षरं अंगावर असताना हातात पेला नको. हौस असेल तर सदरा बदलून या. तिथलं मला कळतं. मंडळाला आपल्या नावाची काळजी, फोटोत बाटली दिसायला नको. आम्हीही शाखेचा फलक स्वच्छ ठेवतो. पण विठोबाला फलकाची काळजी असेल, असं मला वाटत नाही. तो कमरेवर हात ठेवून उभा आहे. फोटो काढत नाही.

आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. परवाना खिशात असला की पिता येते. आमच्या गृहस्थांचीही कदाचित तीच समजूत असावी : माळ खिशात असली की पिता येते.

आषाढी एकादशीला सरकार दुकानं बंद ठेवतं, तो दिवस निभावतो. पण एकादशीनंतर अठरा-एकोणीस दिवसांनी अमावास्या येते. पंचांगात तिचं नाव दीप अमावास्या. लोकांनी तिला काय नाव दिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. वारीहून आलेल्या पायांचे फोड वाळतात न वाळतात, तोच आखाडाची बोलावणी सुरू. त्या आठवड्यात खुंट्यांना जागा पुरत नाही.

खुंटीवाल्यांचे वकील म्हणतात, "अहो, माळ काढतो म्हणजे लाज तरी आहे ना? मग काय माळ घालून प्यावी त्यानं?" लाज आहे, कबूल. पण ती कुणाची, हे विचारू या. एकशेआठ लाकडी मण्यांची लाज आहे. घरच्या माणसांची कुठे आहे?

आमच्या काउंटरवर दर दहा दिवसांनी दुधाचा पगार न्यायला बायामाणसं येतात. पहाटे चारला उठून धारा काढलेल्या, शेणानं भेगाळलेले हात. त्यातली एखादी पासबुक सरकवते आणि हळूच विचारते, "भाऊ, किती उरलंत?" खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणीही पैसे काढावेत, अशी सोय. मी आकडा सांगतो. ती म्हणते, "कालच भरले होते ना दुधाचे?" मी म्हणतो, "हो ताई, कालच काढलेतसुद्धा." ती काही बोलत नाही. पासबुक पदराखाली घेते आणि निघते. बाहेर मोटारसायकलवर मालक बसलेले असतात. गळ्यात माळ असते, अगदी स्वच्छ. तिच्यावर थेंब पडलेला नसतो.

तेव्हा वकीलसाहेब, माळ विटाळली नाही याचा पुरावा माझ्यापुढे ठेवू नका. माळ तर खुंटीवर होती. घर कुठल्या खुंटीवर होतं? ज्या घटकेसाठी माळ घातली, नेमकी त्याच घटकेला ती काढायची, ही छत्री पाऊस आला की मिटायची, अशातली गत झाली. उन्हात ती कितीही झोकात मिरवली, तरी भिजायचं ते भिजतंच. आणि नेमानं माळ सांभाळणारे जे लाखो आहेत, त्यांच्या शब्दाची पतही हे खुंटीवाले आपल्याबरोबर वापरून घेतात. याला आमच्याकडे दुसऱ्याच्या खात्यावर उचल घेणं म्हणतात.

टीका करणाऱ्यानं उपायही सांगावा, अशी रीत आहे. माझा उपाय बिनखर्चाचा आहे. दारू सोडा असं मी म्हणत नाही. ते सांगायला थोर माणसं आहेत. मी एवढंच म्हणतो, की खुंटीची जागा बदला. ढाब्यावरची काढा आणि घरात ठोका, चुलीच्या अंगाला. ज्याला प्यायची असेल, त्यानं संध्याकाळी घरातच, दिव्यासमोर, मालकिणीच्या हातात माळ द्यावी आणि सांगावं, "ही ठेव. मी प्यायला चाललोय." आई असेल तर तिलाही हाक मारावी. मग खुशाल जावं. परत आल्यावर तिच्याकडूनच मागून घ्यावी, आणि द्यायची की नाही ते तिनं ठरवावं.

माळेचा मान राखायचा तर असा राखावा. माझा अंदाज आहे, पहिल्याच आठवड्यात निम्मे गृहस्थ उंबऱ्यातून माघारी फिरतील आणि म्हणतील, "जाऊ दे. चहाच टाक."