अंपायर्स कॉल

"सर, मॅगझिनसाठी दोन पानं द्या ना!"

मागच्या आठवड्यात संपादक मंडळातले दोघं स्टाफरूमच्या दारात उभे. विषय काय, असं विचारलं तर म्हणाले, "काहीही चालेल सर. तुम्ही लेक्चरला मधेमधे बोलता ना, पिक्चर, क्रिकेट, इलेक्शन... तेच लिहा." म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ मी मेट्रॉलॉजी शिकवतोय आणि पोरांच्या लक्षात काय राहिलं, तर हे मधलंमधलं! वायवाला व्हर्नियरचा लीस्ट काउंट विचारला की छताकडे बघणार, पण सर 'सैराट'बद्दल काय म्हणाले होते ते तोंडपाठ. असो.

आधी वाटलं, टाळावं. मग वाटलं, लिहूच. कारण या मधल्या बोलण्याचा एक जुना हिशोब माझ्याकडे बाकी आहे. तो नंतर सांगतो. आधी माझी तीन मतं. तिन्ही भर वर्गात, हातात खडू असताना, छातीठोकपणे सांगितलेली.

पहिलं मत क्रिकेटचं. २००७ साली ट्वेंटी-ट्वेंटीचा पहिला वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिकेत होणार होता. सचिन, द्रविड, गांगुली, तिघंही जाणार नव्हते. मी थर्ड इयरला सांगून टाकलं, "ही सर्कस आहे रे. दोन वर्षांत गाशा गुंडाळणार बघा." २४ सप्टेंबरला जोहान्सबर्गला फायनल झाली. ती मी हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये, पोरांच्या गर्दीत उभं राहून पाहिली. जोगिंदर शर्माची शेवटची ओव्हर, मिसबाहने मागे उचललेला तो बॉल आणि त्याच्याखाली श्रीशांत! पाच रन्सनी जिंकलो तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडणारा माणूस मीच होतो. पुढच्या एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झालं, पहिल्याच मॅचला मॅक्युलमने नाबाद १५८ ठोकले. गाशा कुणाचा गुंडाळला ते तुम्ही बघताच आहात.

तरी टेस्ट मॅच तीच खरी, हे मत मी सोडलेलं नाही. फक्त कारण बदललंय. पूर्वी 'आमच्या वेळी असं नव्हतं' एवढंच कारण होतं. आता उदाहरण देतो. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपण ३६ रन्समध्ये ऑल आउट झालो. कोहली परत आला, शमीचा हात मोडला. त्या रात्री प्रत्येक टपरीवर एकच मत होतं, आता चार-शून्य. मग रहाणेने मेलबर्नला शतक काढलं. सिडनीला विहारी आणि अश्विन दुखापती घेऊन शेवटपर्यंत उभे राहिले. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनला पंतने मालिका २-१ अशी खिशात घातली, आणि तेही गॅबावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर एकही टेस्ट हरली नव्हती. टपरीवरच्या सगळ्या मतांना तोंडघशी पाडायला टेस्टकडे भरपूर वेळ असतो. मला ती आवडते ती त्यासाठी.

दुसरं मत 'सैराट'चं. एप्रिल २०१६ मध्ये पिक्चर आला आणि त्या वर्षी झिंगाटशिवाय ना वरात हलली ना गणपती. मी वर्गात म्हणालो, "ढणढणाट म्हणजे काय संगीत आहे? आणि कॉलेजातलं प्रेम, बुलेट, गाणी, यात नवीन ते काय?" दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"सर, तुम्ही पाहिलाय का?"

"ट्रेलर पाहिलाय."

"मग हे रीडिंग न घेता रिझल्ट लिहिल्यासारखं झालं ना सर?"

वर्ग खो खो हसला. माझंच वाक्य होतं ते, प्रॅक्टिकलला कॉपी पकडल्यावर वापरायचं!

रविवारी सौ.ना घेऊन गेलो. लोक खरंच पडद्यासमोर जाऊन नाचत होते. आणि शेवटच्या काही मिनिटांत आवाजच नाही. ना गाणं, ना पार्श्वसंगीत. जे थिएटर मघाशी दणाणत होतं तिथे आता कुणी खुर्चीसुद्धा हलवत नव्हतं. जातीबाहेर लग्न केलेल्या पोरांचं आपल्याकडे काय होतं हे नागराज मंजुळेंना सांगायचं होतं, आणि मी ज्याला ढणढणाट म्हणत होतो त्याच गाण्यांनी त्यांनी आम्हाला तिथपर्यंत आणून बसवलं होतं. सोमवारी वर्गात कबूल केलं. तरी खोड जात नाही, म्हणालो, "हैदराबादचा भाग जरा लांबलाय." ती मुलगी म्हणाली, "सर, तोच तर खरा पिक्चर आहे. पळून गेल्यावर भाडं कोण भरतं, स्वयंपाक कोण करतं, भांडणं कशी होतात, हे आजवर कोणी दाखवलं?" पटलं मला. आजही पटतं.

तिसरं मत राजकारणाचं. घाबरू नका, मी कुठल्या पक्षाचा ते सांगणार नाही. ते तुम्ही मेसमध्ये ठरवलेलंच आहे. दोन गटांनी दोन वेगवेगळे पक्ष ठरवलेत हे ऐकून मला बरंच वाटलं. तर, सप्टेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटाचं बटण द्यायला सांगितलं. मी वर्गात जाहीर केलं, "आता नोटाला जास्त मतं पडली की निवडणूकच रद्द!"

साफ चूक. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तो निवडून येतो. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता, साडेसत्तावीस हजारांच्या आसपास मतं घेऊन. निकालावर परिणाम शून्य. (आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी फेरनिवडणुकीचा आदेश काढला. पण तो नंतरचा आणि तेवढ्यापुरताच.) म्हणजे मी जे सांगितलं ते मत नव्हतंच, ती चुकीची माहिती होती. पुढे एक माजी विद्यार्थी भेटला. म्हणाला, "सर, २०१४ ला आमच्या घरातल्या पाचही जणांनी नोटा दाबला. तुम्ही म्हणाला होतात ना!" माझ्या एका न तपासलेल्या वाक्यावर एका घरातली पाच मतं. नोटा दाबणं हा त्यांचा हक्कच आहे, पण त्यांनी तो दाबला माझ्या थापेवर.

आता तो बाकी हिशोब.

२०१३ ची दिवाळी संपली होती. सांगली जिल्ह्यातल्या एका गावातला मुलगा थर्ड इयरला होता. अंगाने काटक, बोलायला कमी. कबड्डी खेळायचा. विद्यापीठ संघाच्या निवड शिबिरासाठी बारा दिवस सुट्टी हवी, म्हणून अर्ज घेऊन आला. मी सही केली. सही करता करता सहज बोललो, "अरे, कबड्डीत काय ठेवलंय? आधी एम-थ्री काढ." एवढंच. पुढचा अर्ज हातात घेतला आणि विसरूनही गेलो.

२०१९ मध्ये तो कॅम्पस इंटरव्ह्यू घ्यायला आला, कंपनीकडून. चांगल्या पोस्टवर. कँटीनमध्ये चहा घेताना मी विचारलं, "काय रे, त्या शिबिराचं पुढे काय झालं?"

"गेलोच नाही सर."

"का? सही केली होती की मी!"

"सही केली होती सर. पण तुम्ही म्हणालात, त्यात काय ठेवलंय. मला वाटलं, सरांना जास्त कळतं."

तो हसत होता. त्याची काही तक्रार नव्हती. माझा चहा मात्र तसाच गार झाला. कारण शिबिरानंतर वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली होती आणि ज्या खेळात काही ठेवलेलं नाही असं मी म्हणालो होतो, तो मी स्वतः रोज रात्री जेवणाचं ताट घेऊन बघत होतो!

तो गेला असता तर प्रो कबड्डीत खेळला असता, असं मी म्हणत नाही. कदाचित विद्यापीठाच्या संघातही घेतला नसता. पण ते मैदानावर ठरायला हवं होतं. ते माझ्या टेबलावर ठरलं. आणि मला कबड्डीतलं कळत काय होतं? शाळेत दोनदा आउट झालो होतो, तेवढं!

तेव्हापासून विचार करतोय, मास्तरांनी मतं देणं बंद करावं का? काही सहकारी म्हणतात, सिलॅबस शिकवा आणि मोकळे व्हा. मला ते पटत नाही. आम्ही गप्प बसलो की तुम्हीही गप्प बसता. वर्गात इलेक्शनचा विषय निघाला की साठ जण माना खाली घालतात, आणि रात्री व्हॉट्सॲपवर एकमेकांचे गळे धरतात. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी दोन रूम पार्टनर इतके भांडले की सबमिशनला एकमेकांचं जर्नलसुद्धा घेईनात! इंजिनिअरिंगमध्ये जर्नल न देण्याइतकं वैर, म्हणजे प्रकरण गंभीर.

मग करायचं काय? मला उत्तर मिळालं ते क्रिकेटमध्ये. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये बंगळुरूला इंग्लंडबरोबरची ती टाय मॅच आठवते? तुम्ही प्राथमिक शाळेत असाल किंवा त्याहून लहान. युवराजच्या बॉलवर इयान बेल एलबीडब्ल्यू होता, पडद्यावर बॉल स्टंपवर जाताना दिसत होता, तरी तो नॉट आउटच राहिला. कारण बॉल पॅडला लागला तिथून स्टंप अडीच मीटरपेक्षा लांब होते. सगळा देश भडकला. मीही म्हणालो, मशीन भंगारात घाला. पण जरा मेट्रॉलॉजीवाल्यासारखा विचार करा. बॉल जितका लांब अडतो, तितका पुढचा रस्ता अंदाजाने काढावा लागतो आणि तितकी चूक वाढते. अंपायर्स कॉलचंही तेच. बॉलचा निम्म्याहून कमी भाग स्टंपला लागताना दिसला तर मैदानावरच्या पंचांचा निर्णय कायम. आपल्या रीडिंगवर कुठपर्यंत विश्वास ठेवायचा, हे त्या यंत्रणेने आधीच ठरवून घेतलंय. आपल्या बोर्डाने कित्येक वर्षं डीआरएसला विरोध केला आणि २०१६ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत ते वापरून पाहिलं. बोर्डालासुद्धा मत बदलता येतं, मग आपल्याला का नाही?

म्हणून आता मी वर्गात बोलतो तेव्हा तीन गोष्टी पाळायचा प्रयत्न करतो. एक, ही माहिती आहे की माझं मत, ते आधी सांगायचं. माहिती असेल तर तपासूनच आणायची. दोन, मी स्वतः काय पाहिलंय तेवढं सांगायचं. ट्रेलर पाहिला असेल तर ट्रेलर! तीन, ज्याचं आयुष्य त्याचा निर्णय. तिथे मी थर्ड अंपायर नाही. मैदानावर तो उभा आहे, कॉल त्याचा.

जमतं का? दर वेळी नाही. जीभ सवयीची गुलाम. पण तुम्ही हात वर केलात तर जमेल, त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीसारखा. आणि हो, हे फक्त मास्तरांसाठी नाही. अठरा पूर्ण झालेल्यांनो, मेसमध्ये सरकारं पाडता, पण मतदार यादीत नाव आहे का? हॉस्टेलच्या पत्त्यावरसुद्धा फॉर्म ६ भरता येतो. ही माहिती आहे, मत नव्हे. तपासून लिहिलीय!

बाकी या लेखातलं काही पटलं नसेल तर खुशाल रिव्ह्यू घ्या. स्टाफरूम दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळचं टेबल. परवाच सेकंड इयरचा एक जण खो-खोच्या शिबिरासाठी सुट्टीचा अर्ज घेऊन आला होता. एम-थ्री त्याचाही राहिलाय. मी सही केली आणि फक्त एवढंच विचारलं, "मॅच कधी आहे?"

— तुमचेच एक सर, मेकॅनिकल