चूल एक, ताटे निरनिराळी

सडपातळ माणूस निरोगी आणि स्थूल माणूस रोगट, अशी सोपी वाटणी आपल्या समाजात रूढ आहे. घरातील जाड व्यक्तीला प्रत्येक घासागणिक सल्ला मिळतो, तर बारीक व्यक्तीच्या पानात आग्रहाने आणखी एक लाडू पडतो. भारतीय शरीराच्या बाबतीत मात्र ही वाटणी अनेकदा फसवी ठरते आणि त्या फसगतीची किंमत मधुमेहाच्या रूपाने मोजावी लागते.

सन २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. वजनकाट्याला सारखे दिसणारे दोन देह आतून इतके भिन्न होते. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांचाही अभ्यास केला. ती बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. परंतु ही उणीव मुख्यतः स्नायूंची होती, त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. कृश दिसणारा, तरीही स्नायू कमी आणि चरबी अधिक असलेला हा देह आपल्याकडे जन्मापासूनच आढळतो.

म्हणूनच भारतीयांसाठी मोजमापाच्या मर्यादा वेगळ्या ठेवल्या आहेत. निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन अधिक समजावे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध शिंप्याची टेप धरली की घरच्या घरी हे माप घेता येते. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेले असेल, तर आरशापेक्षा त्या टेपवर विश्वास ठेवणे शहाणपणाचे.

बाजारात मात्र निराळाच हिशेब चालतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४० मध्ये छायाचित्रांच्या आधारे कृश, पिळदार आणि गोल असे देहाचे तीन साचे मांडले. त्यांवरून माणसाचा स्वभाव ओळखण्याचा त्यांचा दावा पुढे टिकला नाही. तरीही त्याच साच्यांवर बेतलेली ‘तुमच्या देहप्रकाराचा आहार’ अशी तयार कोष्टके आजही विकली जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ६०९ प्रौढांवरील वर्षभराच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय पदार्थ. दोन्ही गटांत सरासरी पाच ते सहा किलो वजन घटले. कोणाला कोणता आहार अधिक मानवेल, हे त्यांच्या जनुकांच्या चाचणीवरून सांगता आले नाही. पण त्याच गटांत काहींचे वजन पुष्कळ उतरले, तर काहींचे वाढले. माणसामाणसांतील फरक खरा आहे. तो तीन साच्यांत बसत नाही, एवढेच.

चरकसंहितेतील आहारविचारही येथे आठवतो. तेथे आहाराची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत पदार्थाचा गुण आहे, त्यावरील संस्कार आहे, मात्रा आहे, देश-काल आहे आणि शेवटी ‘उपयोक्ता’, म्हणजे जेवणारा स्वतः, आहे. पदार्थ तोच असला तरी जेवणारा बदलला की मात्रा बदलते.

घरोघरी हेच कसे साधावे? ‘भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदे’च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात; साठ किलोच्या व्यक्तीला पन्नास ग्रॅम. दोन हजार उष्मांकांच्या आदर्श ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम कडधान्ये व डाळी आणि ३०० मिलिलिटर दूध वा दही धरले आहे. आपल्या घरी धान्य सहज पुरे पडते. मागे राहते ती डाळ. वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ जेमतेम मूठभर असते आणि तिच्यातून चार-पाच ग्रॅमच प्रथिने मिळतात.

तेव्हा स्वयंपाक एकच असावा, वाढप वेगळे असावे. खरोखर कृश असलेल्या, भूक मंद असलेल्या मुलाला तूप-साखरेऐवजी घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी आणि जास्तीची भाकरी द्यावी. सोबत खेळ हवाच, कारण व्यायामावाचून स्नायू वाढत नाहीत. पोट सुटलेल्या प्रौढाच्या पानातील एक पोळी व अर्धा भात कमी करावा, तेलाचा हात आखडावा, पण डाळ मात्र वाढवावी. घरातील वृद्धांचे स्नायू वयाबरोबर झिजत असतात. त्यांच्यासाठी अनेक तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात. ‘आता कशाला जड खायचे’ म्हणून त्यांना केवळ मऊ भात देणे ही माया नव्हे. मुगाचे धिरडे, मऊ पनीर, दूध असे थोडे थोडे दिवसभरात द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र वैद्यांना विचारूनच मात्रा ठरवावी.

कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या घरात बटाटा नसल्याने पिष्टाचा एक मोठा वाटा आपोआप टळतो. त्या जागी साबुदाणा आणि मैदा येऊ नये, एवढे पाहावे. मोड आणण्याचे टाळणाऱ्यांनी मूग-मटकी भिजवून लगेच शिजवावी. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दूध-दही डाळीच्या जेवणापासून वेगळ्या वेळी घ्यावे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्यांच्या हाती प्रथिनांसाठी वेळा मोजक्याच असतात. म्हणून सकाळची न्याहारी नुसत्या चहा-खाखऱ्यावर भागवू नये.

घरात सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले वरण पाणी घालून स्वतःच्या पानात घेणारी गृहिणी बहुधा कोणत्याच हिशेबात धरली जात नाही. ताटांची नव्याने आखणी करताना पहिली वाटी तिच्यासाठी काढून ठेवावी.